हातोडा पूजेत अन् बोल्ट गाडीत

सानगडीपासून लाखनीपर्यंत कोनालेही विचारा, बंडू मिस्त्रीच्या हातून सुटला नाई असा बोल्ट अजून कोन्या कारखान्यात बनला नाई. जे सुटले नाई ते मी तोडले, अन् जे तुटले बी नाई त्या गाड्या लोकायनं दोर बांधून दुसऱ्या मिस्त्रीकडं नेल्या.

दिवाळी अंकवाले सर आले अन् म्हनले, "मिस्त्री, तुमच्या कामाचं काही लिहून द्या." मी म्हनलं, सर, मी शाळेत दोनदाच गेलो. एकदा नाव टाकाले, अन् दुसऱ्यांदा पाटी तिथंच राहिली होती ते आनाले. ते म्हनले, "बोलता तं येते ना?" बोलता येते हेच तं माह्या बायकोचं माह्याबद्दलचं जुनं गाऱ्हानं हाय. म्हून मी बोलून राहिलो अन् सून लिहून राहिली. मधातल्या शिव्या तिनं गाळल्या, त्याच्यानं गोठ थोडी आखूड झाली असन.

आमच्या धंद्यात बोल्ट लावाचं काम कोनीबी करते. काढाचं काम मिस्त्रीचं. लावताना बोल्ट नवा असते, तेलकट असते, बोटानं फिरते. काढताना तो म्हातारा झालेला असते अन् म्हाताऱ्यावानीच बसल्या जागचा उठत नाई. मी लाखनीले हायवेवरच्या गॅरेजात शिकलो. तिथले उस्ताद म्हनत, जाम बोल्टासंग घाई केली का तो तुमची इज्जत काढते. मी सारं ऐकलं अन् त्यातलं घाई तेवढं ध्यानात ठेवलं.

एका शेतकऱ्याच्या जुन्या जीपचा असाच एक बोल्ट निंगे ना. मी डोकं लढवलं. बोल्टाले साखळी बांधली, साखळी ट्रॅक्टरले बांधली, अन् ट्रॅक्टरवाल्याले म्हनलं, जाऊ दे. ट्रॅक्टर गेला. त्याच्यामांग जीपचा बंपर गेला. बोल्ट तिथंच होता. तो शेतकरी भला मानूस, एवढंच म्हनला, "मिस्त्री, बंपर आपल्याले काढाचा नव्हता ना?"

दुसरे एक गुरुजी होते, त्यायच्या गाडीच्या मांगून खडखड आवाज ये. मी रबराचे बुश बदलवले, कमानीची झुलती कडी, शॅकल म्हंतात तिले, ते बदलवली, गाडी तीनदा उघडली. आवाज काही जाये ना. शेवटी सीटखाली स्टीलचा डबा सापडला, त्यात दिवाळीचा एक लाडू. गुरुजी म्हनले, हा तं मागच्या साली हरवला होता. मी तो लाडू फोडाले गेलो, तं तो बी जाम.

असे किस्से खूप हायेत. पन ज्या दिवशी माह्या अंगात वीज खेळली, अजूनही सांगताना हात शिवशिवतात, तो दिवस दसऱ्याचा. ते गाडी पार्वता मावशीची.

आमच्या गल्लीच्या टोकाले पार्वता मावशी राह्यते. तिचा मालक गोविंदा ड्रायव्हर, आता नाई. सानगडीतली पहिली गाडी त्याची. अँबेसेडर, दह्याच्या रंगाची. कोनाले साकोलीच्या दवाखान्यात न्यायचं असो का लाखनीले वरात न्यायची असो, गोविंदाची गाडी. गावातले कितीतरी पोट्टे त्या गाडीच्या मांगच्या सीटवर जन्माले येता येता राहिले, अन् काही तं आलेच. माही बायको सुमन बी लग्न होऊन भंडाऱ्याहून त्याच गाडीत आली. तिचा बाप पितळेची भांडी घडवे. त्यायनं पोरीले सारी पितळच देल्ली. गुंड, घागर, पराती, खलबत्ता. डिक्कीत एवढं वजन का गाडीचं तोंड वर आभाळाकडं. गोविंदा मले म्हनला, "बंडू, नवरी हलकी हाय गा, पन सासरा भारी हाय तुहा." तो खलबत्ता ध्यानात ठेवा, पुढं त्याचं काम पडते.

गोविंदा गेल्यावर गाडी अंगनात उभी राहिली. मावशी रोज दुपारी समोरच्या सीटवर जाऊन बसे. ड्रायव्हरच्या नाई, बाजूच्या. तिथं बसून लसून सोले, तांदूळ निवडे, कधी कधी बोले बी. कोनासंग बोलते हे कोनी विचारत नव्हतं. पोरगा दिलीप नागपूरले नोकरीवर. सन-वाराले ये तेव्हा गाडी चालू करून पाहे. यंदा पोळ्याले त्यानं गाडी बाहेर काढली अन् मांगची कमान कडकन तुटली.

ज्यायले माहीत नाई त्यायच्यासाठी सांगतो. जुन्या गाडीच्या मांगच्या चाकावर लोखंडाच्या लांब पट्ट्यायची थप्पी असते, धनुष्यावानी वाकलेली. तिले आमी कमान म्हनतो. गाडी खड्ड्यात आदळली का ते लचकते अन् तुमचं कंबरडं वाचते. कमानीच्या पुढच्या टोकाले गोल डोळा असते. डोळ्यात रबराचा बुश, बुशाच्या पोटात लोखंडी नळी, अन् नळीतून आरपार एक बोटाएवढा बोल्ट. तो बोल्ट कमानीले गाडीच्या अंगासंग धरून ठेवते. कमान बदलवायची तं तो निंगाला पायजे. आता गोविंदाची गाडी आयुष्यभर धानाच्या बांध्यायच्या बाजूनं, चिखला-पान्यातून चाललेली. पानी त्या नळीत जाते, गंज धरते, अन् बोल्ट अन् नळी एक होऊन जातात. मंग त्यायले वेगळं करनं म्हंजे बांधावरून भांडलेल्या दोन भावायले एका ताटात जेवाले बसवन्याएवढंच कठीन, फक्त उलटं.

कमान तुटली तसा दिलीप मायले म्हनला, "आई, आता पुरे. गाडीखालून साप निंगते. एखाद्या दिवशी तुले चावला तं मी काय करू?" त्याचं बी चुकत नव्हतं. साप मी बी पाहिला होता. मावशी दोन दिवस जेवली नाई. मंग दिलीपनंच तोड काढली. म्हनला, दसऱ्याले शिलंगणाच्या येळी, उजेड हाय तोवर, गाडी आपल्या चाकावर शिवेपर्यंत गेली तं राहू देतो. नाई गेली तं दुसऱ्या दिवशी सकाळी साकोलीचा भंगारवाला टेम्पो घेऊन येईन. मावशीनं हो म्हनलं अन् सरळ माह्याकडं आली.

"बंड्या, होईन का रे?"

मी म्हनलं, "मावशी, हे काय विचारनं झालं?" आता ऐकनाऱ्याले कळते का हे उत्तर नाई होय. पन मावशीले ते हो वाटलं.

नवी कमान, नवे बुश, नवा बोल्ट, सारं नागपूरहून याले उशीर झाला. गाडी लोकायनं ढकलत माह्या गॅरेजात आनली अन् नवमीच्या सकाळी मी काम हाती घेतलं. मावशी समोर खुर्ची टाकून बसली, मांडीवर लसनाची टोपली. जॅक लावून गाडी उचलली, खाली लाकडाचे ओंडके देल्ले, चाक काढलं. कमानीले मधात आवळून धरनारे यू-बोल्ट निंगाले. मांगची शॅकल निंगाली. पुढच्या बोल्टाचा नट तं असा निंगाला जसा शेंगेतून वाटाना. मले चेव चढला. मी घराकडं तोंड करून वरडलो, "सुमन, चहा ठेव. चहा उकळाच्या आत बोल्ट मावशीच्या हातात."

चहा उकळला, उतू गेला, दुसरा ठेवला, तो पिऊन बी झाला.

मी बोल्टाच्या डोक्याले पाना लावला, पान्याले पाइप लावला अन् पाइपले मी लटकलो. बोल्ट फिरला. मी वरडलो, "फिरला, मावशी, फिरला." पाइप सोडला तं बोल्ट जिथून निंगाला होता तिथं वापस. पुन्हा फिरवला, पुन्हा वापस. बोल्ट कुठचा फिरते बाप्पा, आतलं रबर पिळून राहिलं होतं. मी त्याच्यासंग झुला खेळून राहिलो होतो अन् मावशीले सांगून राहिलो होतो का आता होते, आता होते. शेवटी पाना घसरला अन् डोक्याचे कोने घासून गोल झाले. आता त्याले पाना बी धरे ना.

इथं आमच्या धंद्याचा एक नियम सांगतो. बोल्ट ठोकून काढायचा असन तं लोखंडावर लोखंड मारू नये. मधात पितळेचा तुकडा धराचा. पितळ नरम, मार आपल्या अंगावर घेते अन् बोल्टाचं टोक पसरू देत नाई. हा नियम मी कितीतरी लोकायले शिकवला. शिकवला म्हून मले वाटलं तो माह्यासाठी नसन. मी घन उचलला अन् देल्ला ठेवून. मंग आनखी एक. मंग राग आला म्हून आनखी.

खाली वाकून पाहिलं तं बोल्ट जागचा हलला नव्हता, अन् त्याचं टोक पसरून गेलं होतं. पावसाळ्यात वारुळावर सात्या, म्हंजे अळंबी, फुटतात ना, छत्री उघडून, तसंच. सात्या तरी खाता येते. आता बोल्टाले एकीकडं गोल डोकं अन् दुसरीकडं छत्री. ना इकडून जाये ना तिकडून.

मावशीनं लसून सोलता सोलता विचारलं, "हे असंच करा लागते का गा?"

"हो मावशी," मी म्हनलं, "हा पहिला टप्पा हाय."

मनात म्हनलं, काही नाई, छत्री आरीनं कापून टाकतो, सकाळी ताज्या हातानं. तेवढ्यात सांज झाली अन् सुमन टोपलं घेऊन आली. दसऱ्याच्या पूजेचे अवजारं न्याले. पाने, हातोडा, घन, आरी, कानस, छन्नी, सब्बल, जॅक, सारं टोपल्यात. चिंचेनं घासलं, राखेनं घासलं, पुसून पाटावर मांडलं. आमच्याकडं दसऱ्याले अवजारायची पूजा होते. सकाळी हळद-कुंकू, झेंडूचे फुलं, नारळ. अन् पूजा झाली का दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत त्यायले हात लावाचा नाई. हे मले माहीत नव्हतं असं नाई. जलमभर पाहून राहिलो. फक्त काम तासाभराचं हाय असं मी धरून चाललो होतो, अन् ते तासाभराचं राहिलं नाई.

दसऱ्याच्या सकाळी मी न्हाऊन-धुऊन पाटासमोर बसलो. माहा घन एवढा चमकून राहिला होता का मले त्याची ओळख पटे ना. घनाच्या कपाळाले कुंकू. जॅकच्या गळ्यात हार, असा का जसा आत्ताच निवडून आला.

"सुमन," मी हळूच म्हनलं, "फक्त आरी दे. लगेच वापस ठेवतो."

"नाई."

"अवं, लोकं गाडीची पूजा करून लगेच गाडी चालवतात का नाई? मंग आरीनं काय पाप केलं?"

"लोकं गाड्या चांगल्या चालवतात," ती म्हनली. "ह्या अवजारायले सालातून एक दिवस तुमच्यापासून सुट्टी भेटते. तेवढी तं भेटू द्या."

खरं सांगू का, ती देती तरी मी घेतली नसती. एका दसऱ्याले मी चोरून हातोडा उचलला होता, तो सरळ माह्या आंगठ्यावर आला. त्या आंगठ्याचं नख आजही वाकडंच उगते. म्हून मी दुसऱ्यायची अवजारं पाहाले निंगालो. सुताराकडं गेलो, रंधा-करवत फुलाखाली. लोहाराकडं गेलो, त्याचा भाता बी पूजेत. शिंप्याची कात्री पूजेत, न्हाव्याचा वस्तरा पूजेत. अर्धं सानगडी दाढी वाढवून फिरून राहिलं होतं. लाखनीले जुन्या गॅरेजात फोन लावला. तिकडून आवाज आला, "बंडूभाऊ, इथं तं क्रेनले बी हार घातला. पेढे खाले या." एवढे रस्ते, एवढ्या गाड्या, अन् सगळ्या तालुक्यात हात लावाले एक आरी नाई.

वापस आलो तं मावशी माह्या दारात. नवं लुगडं, कपाळाले मोठं कुंकू नाई पन केसं चापून-चोपून बसवलेले. शिलंगणाले जाची तयारी करूनच आली होती. मले तिच्या तोंडाकडं पाहावे ना.

"अडलं का?" ती म्हनली.

"आरी पूजेत हाय, मावशी."

मावशीनं पाटाकडं पाहिलं, मंग सुमनकडं. "काय वं सुमन, तुटलेल्या सामानाची बी पूजा केली का तुवा?"

"तुटलेलं कायले मांडन मी? ते मांग ढिगात पडलं हाय."

मी धावत गॅरेजाच्या मांग गेलो. ढिगात आरीची तुटकी पाती किती तरी. मीच तोडलेली, म्हून भरपूर. एका पात्याले फडकं गुंडाळलं अन् बोल्टाची छत्री घासाले बसलो. हाताले फोड आले, पन छत्री पडली. खाली पडली तेव्हा असा आवाज आला जसा कोनी माह्यासाठी पैंजन वाजवलं.

आता टोक मोकळं झालं. पन बोल्ट नळीत तसाच. त्याले तापवा लागते. नळी तापली का थोडी फुगते, गंज सुटते. गॅसचा दिवा पूजेत. मी गोवऱ्या आनल्या, गाडीची टाकी मांग होती अन् डिझलची, तरी दोन बालट्या पानी भरून ठेवलं, अन् कमानीच्या डोळ्याखाली इटा रचून विस्तव केला. वाकून फुकाले लागलो. धूर माह्याच डोळ्यात.

"तू फुकून राहिला का थुकून राहिला?" मावशी म्हनली. "सरक तिकडं."

तिनं लुगडं खोचलं, सुमनची फुकनी घेतली अन् चाकाच्या जागी मांडी घालून बसली. एवढी वरसं चूल फुकलेली बाई. तिनं असा विस्तव फुलवला का लोहारानं पाहाचं. रबर पेटलं, काळा धूर उठला अन् सगळ्या गल्लीवर पसरला. मुंग्यायवानी लोकं जमा झाली. अन् दिलीप धावत आला, नव्या सदऱ्यात.

"बंडूभाऊ, गाडी जाळून राहिले का?" मंग त्याले आई दिसली. "आई, तू काय करून राहिली तिथं?"

"चूल पेटवून राहिली," मावशी मान वर न करता म्हनली. "दिसत नाई का?"

रबर जळून गेलं, आतली नळी लाल-काळी तापली. मी मोहाच्या बियांचं तेल थेंब थेंब सोडलं. तेल चरचर करत आत ओढलं गेलं. तेव्हाच मले कळलं का आता हा हलनार. आता फक्त ठोका पायजे होता, अन् ठोकाले पितळ पायजे होतं. माह्या डोळ्यापुढं खलबत्ता आला.

मी चोरपावलानं घरात गेलो. एका हातात पितळेचा बत्ता, दुसऱ्या हातात पाट्यावरचा वरवंटा, असा बाहेर निंगालो अन् दारातच सुमन.

"माह्या बापाच्या बत्त्याले हात कसा लावला?"

"अवं, पितळ नरम असते, त्याच्यानं बोल्टाचं..."

"माहा बाप पितळेवर ठोकता ठोकता म्हातारा झाला," ती म्हनली, "अन् मले तुमी पितळ शिकवता?" मले वाटलं आता गेला बत्ता. तिनं मावशीकडं पाहिलं. मावशी फुकनी तोंडाले लावून, गालावर काजळी, एकदाही इकडं न पाहता फुकून राहिली होती. सुमननं माह्या हातातून बत्ता घेतला. "धरते मी. तुमचा हात वाकडा."

तिनं पदरानं हात गुंडाळला, बत्ता बोल्टाच्या टोकाले अगदी सरळ लावला. मी वरवंटा उचलला. माह्या हाताले फोड, वरवंटा घसरे. ती म्हनली, "माह्या बोटावर पडला तं तुमाले घरात घेनार नाई." तेव्हा दिलीप पुढं आला. सदऱ्याच्या बाह्या वर केल्या.

"द्या इकडं," तो म्हनला. मंग वाकून गाडीखाली पाहत राहिला. "लहानपनी मले बाबाचे फक्त पायच दिसत. बाकीचा बाबा इथं खाली."

मावशीची फुकनी तेवढी थांबली अन् पुन्हा चालू झाली.

आता माहं काम काय? मी मिस्त्री. मावशी फुके, सुमन धरे, दिलीप मारे. मी बाजूले उभा राहून तेल सोडून राहिलो होतो अन् "हां, मारा" म्हनून राहिलो होतो. ते न म्हनता बी मारत होते.

पहिले ठोके टन्न टन्न. जाम बोल्टाचा आवाज असाच येते, देवळातल्या घंटेवानी. गल्लीतले लोकं बी प्रत्येक ठोक्याले श्वास धरून. सूर्य तळ्याकडं झुकून राहिला होता. पुन्हा विस्तव, पुन्हा तेल, पुन्हा ठोके. टन्न. टन्न. टन्न. मंग एक ठोका आला, ठप्प.

मी ओरडलो, "थांबा." आवाज बदलला का बोल्ट सुटला, हे कान सांगते, डोळे नाई. वाकून पाहिलं. बोल्ट नखभर आत गेला होता. एवढा आनंद मले माह्या लग्नात बी झाला नव्हता. हे सुमनसमोर बोलून राहिलो, पन ती म्हनते लिही, मले बी नव्हता झाला.

उरलेलं काम माह्या वाट्याले आलं. मी गाडीखाली घुसलो, बोल्टाचं गोल डोकं सुमनच्या सांडशीत धरलं अन् पिळत पिळत ओढलं. हले, थोडा ये, अडके. मी सारा जोर लावला. तो येकदम सुटून आला अन् सांडशीसकट माह्या नाकावर बसला. गाडीखालून माहा पहिला शब्द कोनता होता, तो सुनेनं गाळला.

नवी कमान चढवली, नवा बोल्ट ग्रीस लावून बोटानं सरकवला. आता यू-बोल्टाचे नट आवळाचे, अन् पाना कुठाय? सांडशीनं ते काम होत नाई. उजेड तं घटून राहिला. दिलीप नागपूरहून आपली चकचकीत गाडी घेऊन आला होता, ते गल्लीत उभी होती. मावशीनं तिच्याकडं बोट केलं. "त्या गाडीले पाना नाई का देत?"

दिलीपनं आपल्या नव्या गाडीची डिक्की उघडली. खालच्या झाकनाखाली पाना, जॅक, सारं प्लॅस्टिकात बंद, जसं कारखान्यातून आलं तसं. त्याले माहीतच नव्हतं तिथं काही हाय म्हून. मंग त्यायची पूजा करन कोन? चाकाचा पाना यू-बोल्टाले बरोब्बर बसला. नट त्यानं स्वतः आवळले, गुडघे मातीत टेकवून. चाक वापस बसवलं, चौघायनं गाडी उचलून धरली, मी ओंडके काढले.

बॅटरी बसली होती. गल्लीनं धक्का देल्ला. गाडी दोनदा उचकली, काळा धूर सोडला अन् धडधडली. दिलीप ड्रायव्हरच्या जागी, मावशी आपल्या जागी, मांडीवर लसनाची टोपली नाई हे मी पहिल्यांदा पाहिलं. मांगं सुमन बत्ता घेऊन, अन् तिच्या बाजूले मी नाकाले फडकं लावून. पोरं, मोठे, सारे मांगून धावत. शिवेवर पोचलो तेव्हा तळ्याच्या पलीकडं अर्धा सूर्य बाकी होता. दिलीपनं गाडी बंद केली नाई. चालू ठेवूनच खिशातून फोन काढला अन् भंगारवाल्याले म्हनला, "उद्या येऊ नोको भाऊ. गाडी रस्त्यावर हाय."

मावशी खाली उतरली. आपट्याचं सोनं तिच्या पदरात होतं. पहिलं पान तिनं गाडीच्या बोनटवर ठेवलं, हात फिरवला. दुसरं दिलीपले. तो पाया पडाले वाकला तं वाकलाच राहिला. तिसरं सुमनले, अन् तिच्या बत्त्याले बी एक. बत्त्याच्या टोकाले बोल्टाएवढा गोल खड्डा पडला होता, मावशीनं त्यात बोट घालून पाहिलं.

मंग मी हात पुढं केला. काळा, फोड आलेला, मिस्त्रीचा हात. म्हनलं, "मावशी, अन् बोल्ट काढनाऱ्याले?"

तिनं माह्या तळहातावर पान ठेवलं, मले खालपासून वरपर्यंत पाहिलं अन् म्हनली, "तुह्या हातात आज हातोडा नव्हता, म्हून निंगाला तो."